काचेमागची देवी

मला गाव दाखवायचा रोग आहे. पाहुण्याचा चहा संपला की मी चपला घालून दारात उभा. देवासला आलेल्या माणसाला आधी टेकडी, मग तळ्याकाठच्या छत्र्या, मग एकाच गावात दोन राजे आणि दोन दरबार कसे नांदले ती कहाणी. आणि एवढ्यानंही तो दमला नाही तर दुसऱ्या दिवशी गाडी काढून धार. किल्ला, तलाव, छत्र्या, वाटेत पोहे-जिलबी, वेळ उरलाच तर अमझेऱ्याची देवळं. बायको म्हणते, आपल्याकडे येणाऱ्या माणसाचे गुडघे आधी तपासून घ्यायला हवेत. तीस वर्षं मी हिंदी शाळेत इतिहास शिकवला. वर्गात तो कुणी ऐकला नाही, त्याचा सूड मी पाहुण्यांवर उगवतो, असं तिचं म्हणणं. खोटं नाही ते.

धारच्या फेरीचा शेवटचा मुक्काम ठरलेला होता. तिथं एका जुन्या कचेरीच्या दोन खोल्यांत एका समितीनं लहानसं संग्रहालय मांडलं आहे. पहिल्या खोलीत तलवारी आणि गंजलेल्या तोफगोळ्यांची रास, दुसऱ्या खोलीत घरगुती वस्तू. खिडकीखालच्या काचेच्या कपाटात माझ्या वडिलांची पगडी, आजोबांचं कलमदान, पितळेचा पानाचा डबा आणि खाली कागदाची पट्टी. तिच्यावर माझं नाव, पुढं ‘के सौजन्य से’. पाहुण्यांना मी त्या कपाटासमोर आणून उभं करायचो आणि स्वतः एक पाऊल मागं सरकायचो, त्यांना पट्टी नीट वाचता यावी म्हणून. पगडीशेजारी चांदीचा एक पत्रा होता, तळहातात मावेल एवढा, त्यावर झिजून गेलेला एक चेहरा. त्याखाली लिहिलं होतं ‘आभूषण, चाँदी’. कुणी विचारलंच तर मी सांगायचो, हत्तीच्या साजाला असे पत्रे लावत. हे मी कुठं वाचलेलं नव्हतं. एकदा बोलता बोलता सुचलं, ऐकायला बरं वाटलं, म्हणून ठेवून दिलं.

ती आमची कुलदेवी होती.

हे ऐकून कुणालाही वाटेल की हा माणूस एक तर नास्तिक असावा नाहीतर ठार वेडा. मी दोन्ही नाही. आमच्या घरात रोजचे देव वडील पूजत असत, पण ही देवी बायकांची. चांदीचा टाक, सासूनं तो सुनेच्या पदरात घालायचा, आणि तिनं पुढं तिच्या सुनेच्या. मधे पुरुषाचा हात नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी उजाडायच्या आत घरातली बाई तिला न्हाऊ घालायची, हळदकुंकू लावायची आणि लाल खणात गुंडाळून पुन्हा देव्हाऱ्यात ठेवायची. आम्ही पुरुष आंघोळ करून यायचो आणि नमस्कार करायचो तो त्या खणाला. देवीचं तोंड पाहू नये असा काही नियम नव्हता. कधी कुणाला पाहावंसं वाटलं नाही, इतकंच.

आईला आम्ही वहिनी म्हणतो. एकत्र घरात काका तिला वहिनी म्हणत, ते ऐकून आम्हीही म्हणायला लागलो, आणि पुढं कुणी दुरुस्त केलं नाही. पंधराएक वर्षांपूर्वी वडील गेले तेव्हा वहिनी धारला होती आणि मी नोकरीमुळे देवासला. दिवसकार्य झाल्यावर माझी मोठी बहीण तिला काही महिने बडोद्याला घेऊन गेली. घर बंद राहणार असलं की देवीला तांदळात निजवायची, ही आमच्याकडच्या बायकांची रीत. तशी तिनं ती तांब्याच्या डबीत तांदळात ठेवली, डबी खणात बांधली आणि वडिलांच्या लाकडी पेटीत पगडीखाली सरकवली. तिला वाटलं, पगडीखाली कोण हात घालणार. सुनेला सांगून ठेवायचं राहून गेलं. दुःखात राहून जातं तसं.

त्याच दिवसांत संग्रहालयाच्या समितीची माणसं मला भेटली. गावातल्या जुन्या घराण्यांकडून वस्तू मागत फिरत होती. मला ‘सर’ म्हणाली, आपल्यासारखी जाण असलेली माणसं आता राहिली नाहीत म्हणाली. एवढं पुरे झालं. धारचं घर विकायचंच होतं. पेटी होती तशी मी त्यांच्या हवाली केली. उघडून बघितलीसुद्धा नाही. त्यांनी माझ्यासमोर उघडली आणि यादी केली. सातव्या ओळीत होतं, ‘चाँदी का पत्रा, मुखाकृति, एक’. मी ती ओळ वाचली आणि खाली सही केली. तांदूळ त्यांनी झटकून टाकले. खण मला परत दिला, जुनं कापड म्हणून, आणि परतीच्या वाटेवर मी त्यानं गाडीची काच पुसली.

मग हार घातला, भाषण झालं, फोटो छापून आला. तो फोटो माझ्याकडे अजून आहे. त्यात मी हसतो आहे.

वहिनी बडोद्याहून थेट देवासला आली. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, यांची पेटी कुठं ठेवली आहेस. मी मोठ्या उत्साहानं सांगितलं, काय काय झालं, कोण कोण आलं होतं. कात्रण दाखवलं. तिनं ते बघितलं नाही.

“सगळी दिलीस?” तिनं विचारलं.

सगळी, म्हणालो मी.

ती खाली बसली. मला वाटलं, वडिलांची आठवण झाली असेल. मी पाणी आणून दिलं आणि पाणी पिताना तिला पगडी कशी छान मांडली आहे ते सांगत राहिलो.

ती मला बोलली असती तर बरं झालं असतं. चार शब्द कडक बोलायची, डोक्यात काहीतरी घालायची. पण वहिनीची रीत निराळी. तिच्या हिशेबी, झालेली चूक बोलून दाखवली की ती दुप्पट होते. त्या शुक्रवारी तिनं पाटावर मूठभर तांदूळ मांडले, त्यावर एक सुपारी ठेवली आणि सुपारीला न्हाऊ घालून हळदकुंकू लावलं. घरात देव नसला की त्याच्या जागी सुपारी, हे आपल्यात चालतं. सुपारीवर तिनं नवा लाल खण पांघरला. मी आंघोळ करून आलो आणि रोजच्यासारखा खणाला नमस्कार केला. असं वर्षभर चाललं. शेवटी बायकोला राहवलं नाही. ती म्हणाली, अहो, कशाला हात जोडता आहात ते एकदा उघडून तरी बघा.

खण उघडला तर आत सुपारी. त्या दिवशी मला कळलं. हत्तीच्या साजाचा म्हणून मी दाखवत होतो तो पत्रा काय चीज आहे, तेही त्याच दिवशी कळलं.

बैल गेला नि झोपा केला, तसा मग मी अर्ज लिहिला. चुकून दिली, घरातली देवता आहे, परत मिळावी. उत्तर आलं की एकदा नोंद झाली की वस्तू समाजाची; कुणा एकाला परत देता येत नाही. दुसरा अर्ज केला, तेच उत्तर. तिसरा केला नाही. खरं सांगायचं तर मला लाज वाटली. ज्यांनी हार घातला त्यांच्या दारात जाऊन म्हणायचं, मी इतिहासाचा मास्तर, पण घरची देवी मला ओळखू आली नाही. मी स्वतःची समजूत घालून घेतली की वहिनीनं सुपारीशी जुळवून घेतलं आहे. पाहुण्यांना धारला नेत राहिलो, फक्त दुसऱ्या खोलीत जायचं बंद केलं. पाहुणे आत जायचे आणि मी बाहेर व्हरांड्यात उभा राहून फोनवर बोलत असल्याचं दाखवायचो.

गेल्या हिवाळ्यात वहिनीचं हृदय थकलं. पायांना सूज, बोलताना धाप. इंदूरच्या डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, घरी न्या, खायला आवडेल ते द्या. वय सत्याऐंशी, तसं बघितलं तर यात तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. ती स्वतःही करत नव्हती. घरी आणल्यावर दोन दिवसांनी तिनं मला पलंगाजवळ बोलावलं आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा देवीचा विषय काढला.

“मला मरायची भीती नाही,” ती म्हणाली. “वर सासूबाई पहिलं हेच विचारतील, माझी देवी कुणाच्या पदरात घालून आलीस. मी काय सांगू त्यांना?”

मी म्हणालो, सुपारी आहे की, ती दे हिच्या पदरात.

तिनं माझ्याकडे बघितलं. ती नजर रागाची असती तर मी सहन केली असती. ती होती मंद मुलाकडे मास्तर बघतात तशी. मला ती चांगली ओळखता येते, कारण आयुष्यभर मीच तशी बघत आलो. सुपारी म्हणजे देवीच्या जागी ठेवलेली, ती म्हणाली. जागा राखायला ठेवलेली वस्तू कुणी कुणाला सोपवतं का. त्या रात्री मला झोप लागली नाही. म्हातारी मरताना सासूला घाबरते आहे, आणि ती भीती मी तिच्या मानेवर ठेवली आहे.

सकाळी उठलो तो थेट धार. संग्रहालयाचे हल्लीचे व्यवस्थापक तरुण आहेत, नम्र आहेत. खुर्ची दिली, चहा मागवला. मी त्यांच्यासमोर जवळजवळ रडलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हिंदीत सांगितलं की सर, मला फार वाईट वाटतं, पण एक वस्तू परत दिली की उद्या सगळी घराणी दारात उभी राहतील. हवा असेल तर मोठा रंगीत फोटो काढून देतो, फ्रेम करून. मी हो म्हणालो आणि बाहेर येऊन स्वतःलाच शिव्या दिल्या. फोटो पदरात घालायचा.

मग मी जे केलं ते सांगायला जीभ रेटत नाही, पण केलं. त्याच फोटोवरून इंदूरच्या एका कारागिराकडून हुबेहूब टाक करून घेतला. जुनी चांदी वापरा म्हटलं, नाक-डोळे झिजवा म्हटलं. त्यानं दोन दिवस राखेनं आणि रांगोळीनं घासून तो इतका जुना केला की मला स्वतःला फरक कळेना. नाहीतरी मला तो कधी कळणार होता. देवासला येऊन मी वहिनीच्या हातात टाक दिला आणि म्हणालो, मिळाली बघ.

तिचं तोंड असं उजळलं की क्षणभर मलाही वाटलं, मिळाली. तिनं टाक डोळ्यांजवळ नेला नाही. मोतीबिंदूनं तिला धड दिसतच नव्हतं. तिनं डावा तळहात पसरला, त्यावर टाक ठेवला आणि उजव्या हाताचा अंगठा हळूहळू त्याच्यावरून फिरवला. कपाळ, नाक, हनुवटी, मग कडा. अंगठा उजव्या कोपऱ्यात खाली गेला आणि तिथं थांबला. पुन्हा वरून सुरुवात केली, पुन्हा तिथंच थांबला.

लग्न होऊन आली त्या वर्षी देवी तिच्या हातून न्हाणीच्या दगडावर पडली होती आणि तिचा तो कोपरा दुमडला होता. सासूनं दगडानं ठोकून सरळ केला, पण अंगठ्याला लागायचाच. फोटोत तो दिसत नव्हता. “हिला अजून कुणी हात लावलेला नाही,” वहिनी म्हणाली आणि टाक माझ्या हातात परत दिला. मी फसवलं असं ती म्हणाली नाही. घरात जपून ठेव, चांदी आहे, एवढंच म्हणाली.

आता माझ्याकडे दिवस फार नव्हते. मी पुन्हा धारला गेलो, पण या वेळी व्यवस्थापकांकडे गेलो नाही. संग्रहालयात एक कर्मचारी आहे, दारावर तिकिटं फाडतो, झाडू मारतो, कपाटांच्या किल्ल्या त्याच्याकडे असतात. पाहुण्यांच्या फेऱ्यांमुळे तो मला ओळखतो. निवृत्तीला त्याचं एकच वर्ष राहिलं होतं. त्याला मी व्हरांड्यात बसवून सगळं सांगितलं, हत्तीच्या साजाचंसुद्धा. त्यानं हातातली बिडी न पेटवताच खिशात परत ठेवली. मग म्हणाला की सोमवारी संग्रहालय बंद असतं, साहेब येत नाहीत, आणि त्याच दिवशी तो कपाटं उघडून धूळ पुसतो, डांबरगोळ्या ठेवतो.

“माँसाब ने लई आव, भिया,” तो म्हणाला. “हाथ लगई ले. पाँच मिनट. पण चीज पाछी कपाट में. म्हारी पेंसन को सवाल हे.”

आईला घेऊन येतो, पाच मिनिटं हात लावू देतो आणि वस्तू परत कपाटात ठेवतो, असा मी त्याला शब्द दिला. खाली वाकून त्याचे गुडघे धरले तर तो संकोचून उठूनच उभा राहिला.

घरी येऊन मी वहिनीला सांगितलं, सोमवारी देवीकडे जाऊ. पुढं काय, ते सांगितलं नाही. बायकोला सगळं माहीत होतं. तिनं मला आत बोलावून विचारलं, त्यांना स्पष्ट सांगणार आहात की नाही. मी म्हणालो, हात लागला की त्यांचं मन भरेल, मग सांगू. बायको म्हणाली, तुम्हाला बायकांचं मन कशानं भरतं हे कधीपासून कळायला लागलं.  

सोमवारी पहाटेच वहिनीनं नऊवारी नेसायचा हट्ट धरला. धाप लागत होती, तरी बायकोकडून नेसून घेतलं. गाडीत मागच्या सीटवर उशांच्या आधारानं तिला बसवलं, शेजारी बायको, पायाशी ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर. वहिनीच्या मांडीवर एक पिशवी होती. इंदूरचा बायपास ओलांडल्यावर तिनं ती उघडली आणि एकेक वस्तू बायकोला दाखवायला लागली. हळदकुंकवाची कुयरी, नारळ, ओटीचे तांदूळ, आणि घडी न मोडलेला कोरा लाल खण.

“हा कशाला, वहिनी?” बायकोनं विचारलं. तिच्या आवाजावरून तिचा चेहरा मला आरशात न बघताही कळला.

“येताना उघडी आणायची का तिला?” वहिनी म्हणाली.

मी गाडी चालवत राहिलो. त्या वेळी बाजूला थांबवून, मागं वळून सांगता आलं असतं. धार अजून तासभर दूर होतं. मी मनात वाक्य जुळवत होतो आणि मैलाच्या प्रत्येक दगडावर अंतर कमी होत होतं. वहिनी सुनेला सांगत होती की देवीला चिंच चालते पण लिंबू नाही. कधी ताप आला तर त्या दिवशी नुसता दिवा लाव, ती रागवत नाही. नवरात्रात तिला रात्री एकटी ठेवू नको. बायको हो म्हणत होती. तिच्या प्रत्येक ‘हो’बरोबर मी जास्त भित्रा होत गेलो. काहीतरी होईल, असं वाटत होतं. तो कर्मचारी म्हातारीला बघून विरघळेल, म्हणेल घेऊन जा. दुसऱ्याच्या पेन्शनीवर मी माझं पुण्य पोसायला निघालो होतो, एवढीच त्या आशेची किंमत.

कर्मचारी मागच्या दारात उभा होता. त्यानं आणि मी हातांची बैठक करून वहिनीला आत नेलं. त्यानं आधीच दुसऱ्या खोलीत एक खुर्ची मांडली होती, तिच्यावर धुतलेली चादर घातली होती. कपाट उघडं होतं. डांबरगोळ्यांचा वास येत होता. पगडीकडे वहिनीनं पाहिलं नाही. कर्मचाऱ्यानं टाक उचलला, सदऱ्याला पुसला आणि दोन्ही हातांनी तिच्या तळहातावर ठेवला.

अंगठा फिरायला लागला. कपाळ, नाक, हनुवटी. कडेनं खाली उतरला आणि उजव्या कोपऱ्यात थांबला. या वेळी तिथून हलला नाही. वहिनीच्या तोंडून आवाज आला, तो मी आधी कधी ऐकला नव्हता. रडणं नव्हे आणि हसणंही नव्हे. मग ती देवीशी बोलायला लागली. फार दिवस राहावं लागलं ना, म्हणाली. कुणी न्हाऊ घातलं नाही. थंडी वाजली असेल. ती बोलत असताना कर्मचारी खिडकीकडे तोंड करून उभा होता आणि मी कपाटावरच्या त्या पट्टीकडे बघत होतो, जिच्यावर माझं नाव आहे.

तिनं कुंकू लावलं, तांदूळ वाहिले. मग सुनेला म्हणाली, “पदर पसर.”

बायको तिच्यासमोर जमिनीवर गुडघ्यांवर बसली. तिनं दोन्ही हातांनी पदर पसरला. ती माझ्याकडे बघत होती.

तेवढ्यात कर्मचाऱ्याचा फोन वाजला. साहेबांचा होता. भोपाळहून कुणी मोठे पाहुणे आले आहेत, बंद असलं तरी त्यांना दाखवायचं आहे, दहा मिनिटांत पोचतो. फोन ठेवला तेव्हा त्या माणसाचा चेहरा पांढरा पडला होता. तो नुसता हात जोडून उभा राहिला. मला काय करायचं ते मला माहीत होतं, पूर्वीच माहीत होतं. मी फक्त वेळ काढत आलो होतो.

मी वहिनीजवळ वाकलो. म्हणालो, देवी इथंच ठेवावी लागेल.

तिला आधी समजलं नाही. मी पुन्हा सांगितलं, या माणसाच्या नोकरीचं सांगितलं. तिनं कर्मचाऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मूठ मिटली. सत्याऐंशी वर्षांच्या बाईची मूठ, सगळी हाडं दिसत होती. तिनं ती छातीशी घेतली.

“एकदा पदरात घालू दे,” ती म्हणाली. “मग ने.”

घालू द्यायला हवं होतं. आता मला रोज वाटतं की घालू द्यायला हवं होतं, एक क्षणाचं काम होतं. पण मला भीती वाटली की एकदा पदरात पडली की बायको ती परत देणार नाही, आणि तिच्याकडून मला ती काढून घेता येणार नाही. बाहेर गाडीचा आवाज आल्यासारखा झाला. मी वहिनीचं मनगट धरलं आणि तिची बोटं सोडवायला लागलो.

करंगळीपासून सुरुवात केली. तिच्यात जोर असा नव्हताच, पण बोट सोडवून दुसऱ्याला हात घालावा तर पहिलं पुन्हा मिटायचं. मी दोन्ही हात लावले. “अरे,” ती हळूच म्हणाली, “अरे, थांब.” बायको तशीच बसली होती, पदर पसरून. कर्मचारी म्हणाला, “रेवा दो, भिया, रेवा दो,” राहू द्या म्हणून. ज्याची नोकरी जायची तोच मला थांबवत होता, आणि मी थांबलो नाही. तीन बोटं सुटली. चौथं सोडवताना माझं नख तिला लागलं. उरला तो अंगठा, देवीच्या कोपऱ्यावर टेकलेला. तो मला उचलावा लागला नाही.  तिनं अंगठा आपणच बाजूला घेतला, मूठ माझ्यापुढं उघडी केली, आणि लहानपणी ज्या आवाजात ती मला शाळेचा डबा द्यायची त्याच आवाजात म्हणाली, “घे.”

मी देवी पहिल्यांदा हातात घेतली. ती गरम होती. कुंकू पुसून मी तिला पगडीशेजारी ठेवलं, होती तशी, मुखाकृती वर करून.

वहिनी त्यानंतर नऊ दिवस होती. त्या दिवसांत ती माझ्याशी औषधाचं बोलली, पाण्याचं बोलली, खिडकी लाव म्हणाली. शेवटच्या दुपारी तिनं मला जवळ बोलावलं आणि विचारलं, त्या माणसाची नोकरी राहिली ना. राहिली, म्हणालो मी. बरं झालं, ती म्हणाली, आणि भिंतीकडे वळून झोपली. सासूबाईंना काय सांगणार आहेस, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.